आक्का, आम्ही तुमचं बियाणं शिजवलं

आक्का, तुम्ही 'चहा टाक गं संगे' म्हणालात आणि मी चहा टाकला. त्या सकाळचं मला नीट आठवतं ते एवढंच. पुढचंही आठवतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरात घडल्यासारखं. चहा उकळला, गाळला, तुमच्या जर्मनच्या पेल्यात ओतला, बाहेर आणला. तुम्ही पायरीवर खांबाला टेकून बसल्या होतात, उन्हाकडे तोंड करून. मी म्हटलं, 'घ्या.' तुम्ही घेतला नाहीत. पुन्हा म्हटलं, 'घ्या की, हात भाजतोय माझा.' अजून राग गेलेला दिसत नाही, असं मनात म्हणून मी पेला तुमच्या शेजारी आपटला आणि आत गेले. आत गेले, आक्का. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. दादा गोठ्यातून आले, त्यांनी तुम्हाला हाक मारली, मग ओरडून मारली, तेव्हा कुठे मी मागे वळून बघितलं.

ना ताप, ना खोकला, ना कधी छातीत दुखलं. आदल्या दिवशी विळा घेऊन बांधावरचं गवत कापत होतात. डॉक्टर आले आणि दोन मिनिटांत म्हणाले, 'हृदय बंद पडलं.' मी त्यांना विचारलं, 'असं कसं बंद पडेल? आत्ता चहा मागितलाय त्यांनी.' पंधरा दिवस होऊन गेले, मी अजून तेच विचारते आहे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तो चहा मी मुद्दाम उशिरा आणला. आठ दिवस आपण बोलत नव्हतो. वाढताना 'भात?' आणि 'नको', एवढाच काय तो संवाद. त्या आठ दिवसांत तुमच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा निघालं ते त्या चहासाठी, आणि मला बरोबर कळलं होतं की तुम्ही भांडण मिटवताय. मोठी जाऊ माफी मागत नसते, चहा मागते. पण माझ्या नाकावरचा राग उतरायचा होता ना. गाळायच्या आधी मी दोन पातेली घासून घेतली. स्वच्छ असलेलं गाळणं पुन्हा धुतलं. बघू देत जरा वाट, म्हटलं.

तशी आपली भांडणं काही नवीन नव्हती. तेवीस वर्षं एका चुलीवर काढली, भांड्याला भांडं लागणारच. मी बावधनची. आमची शेती होती तेव्हा ते गाव होतं, आता आमच्या बांधावर पंधरा मजले उभे आहेत. त्यामुळे जमीन बघितली की मला आधी तिचा उपयोग सुचतो, तुम्हाला तिच्यात भात दिसायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला लावणी येत नव्हती. तुम्ही चिखलात माझ्या शेजारी उभ्या राहून रोप दोन बोटांत कसं धरायचं ते दाखवलंत, आणि वर सासूबाईंना सांगितलंत, 'हिला येतंय समदं.' येत काही नव्हतं. माझ्या वाटणीच्या ओळी तुम्हीच लावल्यात. अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा घरातला पहिला होकार तुमचा होता. दुपारची कामं तुम्ही अंगावर घेतलीत आणि त्याचा उच्चारही कधी केला नाहीत.

धरणाच्या काठाला तंबू लागायला लागले, तसं आपलं एकतीस डिसेंबरचं काम ठरून गेलं. शेजारच्यांच्या रानात पुण्याची माणसं नवं वर्ष साजरं करायला यायची आणि आपण दोघी दुपारपासून त्यांच्या भाकऱ्या थापायचो. एक तारखेला सकाळी रिकाम्या टोपल्या आणायला जायचं, आणि येताना पाण्याकाठच्या काळ्या खडकावर टेकायचं. वर्षातून एवढीच बैठक आपल्या दोघींची, मध्ये ना पुरुष, ना पोरं. दोन वर्षांपूर्वी तिथं बसून तुम्ही विचारलंत, 'ही मान्सं नव्या वर्साला नुसता गोंगाटच करत्यात का गं?'

मी म्हटलं, नाही, संकल्प पण करतात. पुष्कळ दिवसांचं मनात असेल ते यंदा करायचंच, असं ठरवतात.

'तुजं काय हाय?'

माझं तयारच होतं. लोकांच्या तंबूंना भाकऱ्या पुरवून मी कंटाळले होते. मला आपले तंबू हवे होते. आपल्या काठावर पाच तंबू, आपलं जेवण, आपला बोर्ड. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग टोपलीचा काठ चाचपत म्हणालात, 'माजं सांगू? हसशील तू.'

हसणार नाही म्हटलं आणि आधीच हसले.

'मला एक आख्खं खाचर आंबेमोहोर बगायचाय. माज्या बापाच्या रानात आसायचा. फुलोऱ्यात आला की वाटंनं जाणारा मानूस थांबायचा. हितं आले तर समद्यांची इंद्रायणी. आमीबी तीच लावली. तीबी चांगली हाय, न्हाई म्हनत न्हाई मी. पन त्यो वास काय पुन्यांदा आला न्हाई.'

तीस-पस्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत आणि मी म्हटलं, 'एवढंच ना? मग लावा की.'

तुम्ही खरंच लावलात. ताम्हिणीच्या अंगाला वरच्या वाडीत तुमची आत्या राहते. त्या वाडीत जुनं बी तिच्याकडेच काय ते उरलेलं. तिच्याकडून मूठभर भात पदराला बांधून आणलंत. पहिल्या पावसाळ्यात परसात एक वाफा केलात. एकेक काडी सुटी लावलेली, मांडी घालून बसून, लावणी कसली ती, नुसतं भरतकाम. त्यातून मडकं भरलं. गेल्या एक तारखेला तुम्ही ते मला दाखवलंत, फळीवर ठेवलेलं, झाकणाला शेणमातीचा लेप. 'औंदा खाचराचा कोपरा लावायचा. त्यातनं बी धरायचं. पुढल्या साली आख्खं खाचर,' म्हणालात. मी त्या मडक्याला हात जोडले, चेष्टेनं. तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात आणि दोघी हसलो.

पावसाळ्यात तुम्ही कोपरा लावलात. कापणी-झोडणीला मी नव्हते. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, महिनाभर बावधनला अडकले. परत आले तेव्हा खाचर मोकळं झालं होतं, आणि मोकळं खाचर बघून माझ्या डोक्यात तंबूच आले. कोपऱ्यात किती पिकलं हे मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारीन म्हणून वाट बघत असाल, दुसरं काय.

मग तो तंबूवाला पुण्याहून जागा बघायला आला. आपल्या वरच्या माळावरची जागा बघायला तो तयार नव्हता आणि मीही दाखवली नाही. त्याला पाण्याला लागून असलेलं खाचर पसंत पडलं. मुरूम टाकून सपाट करू, बारा महिने चालेल, एक तारखेपर्यंत कळवा, म्हणाला. तुम्ही खाचराच्या मधोमध उभ्या होतात. पदर खोचून त्याला म्हणालात, 'हितं भात लागतंय. तंबू लागायचा न्हाई.' परक्या माणसासमोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो गेल्यावर मी उचलली जीभ लावली टाळ्याला. 'मडकंभर भातासाठी खाचर अडवून बसलाय तुम्ही. वासानं पोट भरतं का कुणाचं?'

तुम्ही म्हणालात, 'मडकंभर?'

आणि थांबलात. पुढे काहीतरी सांगणार होतात, तुमचं तोंड उघडलेलं मी बघितलं. मग पदर सारखा केलात आणि गोठ्याकडे गेलात. तिथून आपण मुक्या झालो.

दहाव्याला पाण्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, पण एक खाली उतरेना. दादा हात जोडून म्हणाले, 'काय ऱ्हायलंय तुजं, सांग.' आमचे हे म्हणाले, 'वयनी, दादाला आमी संबाळतो.' तरी नाही. आक्का, कावळ्यावर माझा विश्वास नाही, अंगणवाडीत मुलांना तो फक्त चित्रात दाखवते. पण बायकांत मागे उभी राहून मी मनातल्या मनात म्हटलं, मडक्यातलं बी मी लावीन. माझं म्हणून होतंय तोच एक कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तर रडत खालीच बसले.

आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी हे केलं.

तेराव्याच्या जेवणाला तांदूळ हवे होते. कणगीतली इंद्रायणी काढू का, असं ह्यांनी विचारलं. मी पाट काढायला माळ्यावर चढले होते, तिथं कोपऱ्यात पोतं दिसलं. पाऊण भरलेलं, तोंड सुतळीनं शिवलेलं, खाली फळ्या लावून जमिनीपासून उचललेलं. उसवून हात घातला. आत कडुलिंबाचा पाला, आणि भात असं पाखडलेलं की त्यात एक फोल नाही, काडी नाही, खडा नाही. बारा दिवस रडून माझं नाक बंद होतं, वास म्हणून काही कळत नव्हता. दाणा आखूड आहे हे हाताला कळायला हवं होतं. हाताला कळलंही असेल, मला नाही कळलं. मला तुमचं वाक्य आठवत होतं, 'चांगलं आसंल ते पाव्हण्याला.' चांगल्या कार्यासाठी आक्कानं हे बाजूला काढून ठेवलं असणार, असं मी ठरवलं. तुमच्याच तेराव्याला तुम्ही निवडून ठेवलेलं भात, याहून चांगलं काय. खाली उतरताना फळीकडे मुद्दाम बघितलं. मडकं जागेवर होतं, झाकण लावलेलं. म्हटलं, कोपऱ्यातलं नवं बी ह्यातच भरलं असणार, आक्काचं बी सुखरूप आहे.

उचलून बघितलं नाही. नुसतं बघितलं. माझ्या डोक्यात तुमचं स्वप्न अजून मडक्याएवढंच होतं.

आमचे हे ते पोतं गिरणीत घेऊन गेले आणि संध्याकाळी तांदूळ घेऊन आले. वाडीतल्या बायकांनी जेवणापुरते निवडले. तेराव्याला अंगणात मोठ्या पातेल्यात भात शिजला. पंगतीत एकदोघं 'इंद्रायणी झ्याक हाय' म्हणाले. तुमच्या आत्यालाही आणलं होतं, वाकलेली, दोघींनी धरून पाटावर बसवलेली. तिनं वरणभाताचा पहिला घास तोंडाजवळ नेला आणि हात तिथंच थांबला.

'ह्यो भात कुटला?'

'घरचाच, आत्या.'

'घरचा ठावं हाय मला. म्या दिलेला हाय ह्यो.' तिनं घास पानात परत ठेवला. 'बी-भात शिजवलंत व्हय गं?'

आक्का, मला तरी कळेना. मी म्हटलं, नाही आत्या, बी मडक्यात आहे, फळीवर. दाखवते तुम्हाला. आणि पंगत सोडून मी आत पळाले, मडक्याला हात लावला, आणि ते इतक्या सहज उचललं गेलं की माझा तोल जाऊन मी मागच्या भिंतीवर आपटले. आत कडुलिंबाची दोन वाळलेली पानं होती.

तेव्हा मला ते 'मडकंभर?' ऐकू आलं. तुम्ही मला माळ्यावर नेणार होतात. ये, बघ, किती झालंय ते, म्हणणार होतात. दोन पावसाळे गुडघाभर चिखलात उभं राहून तुम्ही मुठीचं मडकं आणि मडक्याचं पोतं केलंत, आणि मी ते एका पंगतीत वाढून मोकळी झाले. जीव गेला त्या दिवशी मी रडले होते. तेराव्याला रडायलाही आलं नाही. पंगतीत माणसं जेवत होती, कुणी भात मागत होतं, आणि मी वाढत होते. हात आपोआप चालत होते. दादांनीही दुसऱ्यांदा भात घेतला. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

आत्या मात्र घरी गेली नाही. 'ऱ्हाते दोन दिस' म्हणाली. काल एक तारीख. काठावरून गाण्यांचे आवाज येऊन गेले, यंदाच्या भाकऱ्या दुसऱ्या कुणी केल्या. मी खडकावर गेले नाही. चुलीपुढे बसून होते तर आत्यानं काठी आपटली.

'तांदूळ उरलं का काय?'

परातभर उरलेत म्हटलं, न निवडलेले.

'निवाडताना भातगोटं काडलं आसत्याल, ती कुटं टाकली?'

'कोंबड्यांना.'

जुन्या गिरणीतून तांदळात काही दाणे न सोललेले राहतात, ते आपण निवडून फेकतो. जन्मभर फेकलेत मी. ते जिवंत असतात हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण त्याचा उपयोग सुचला नव्हता.

'गिरण समद्यांना फोडत न्हाई,' आत्या म्हणाली. 'सूप आन. आन् माज्या डोळ्याला दिसत न्हाई, तू हुडक.'

तशीच उन्हात बसले ती दुपार टळेपर्यंत. नाक मोकळं झालं होतं. परात पुढ्यात घेतली आणि तुमचा वास आला, आक्का, तुम्ही खडकावर सांगितलेला, तुमच्या बापाच्या रानातला. मी तो पहिल्यांदा घेतला, तो असा. पांढऱ्या तांदळात एकेक पिवळा दाणा शोधायचा. काही चिरडलेले, काहींची टोकं उडालेली, ते आत्या बोटांनी चाचपून बाजूला टाकत होती. चांगले ती पदरात टाकायची. शेवटी तिनं पदर माझ्या ओंजळीत रिकामा केला. मूठ भरली नाही. मुठीला थोडे कमीच.

'म्याबी येवडंच दिलं हुतं तिला,' आत्या म्हणाली.

तिनं एवढंच दिलं नव्हतं. तिनं भरल्या मुठीनं दिलं होतं, आणि आता म्हातारी माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं आणि म्हणाली, 'आदी धा दानं वल्ल्या फडक्यात बांद. रुजत्यात का बगू.' फडकं चुलीजवळ ठेवलंय. चारपाच दिवस तरी लागतील. मी आज सकाळपासून तीनदा त्याच्याजवळ जाऊन आले, उघडलं नाही.

आज सकाळी तंबूवाल्याचा फोन आला. हे शेजारीच होते, फोन माझ्या हातात दिला. तुमच्यानंतर घरात भांडायला मीच उरले, त्यामुळे बिचारे निर्णय माझ्यावरच टाकतात. मी त्याला सांगितलं, काठाचं खाचर मिळणार नाही. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, 'अगं, मुठीएवढं बी. परसातल्या वाफ्यात मावंल. खाचर कशाला आडवतीस?'

बघा, माझेच शब्द. मी म्हटलं, 'यंदा वाफा. पुढच्या साली कोपरा. तिसऱ्या साली खाचर लागेल. तेव्हा त्यात मुरूम नको.'

'आन् तुजं तंबू? येवडी वर्सं म्हनतीयास.'

आणि मी, आक्का, काही विचार न करता, पीठ चाळता चाळता म्हटलं, 'माझे तंबू वरच्या माळावर लागतील. तिथून पाणी जास्त चांगलं दिसतं. तंबूला काय, नुसतं पाणी दिसलं तरी पुरतं. भाताला ते लागतं.'

बोलले आणि चाळण हातातून खाली ठेवली. एवढंच होतं. माळ तेव्हाही तिथंच होता. तंबूवाल्यासमोर, खाचरात, तुम्ही पदर खोचून उभ्या असताना हे वाक्य मला सुचलं असतं, तर तुम्ही 'मडकंभर?' म्हणून थांबल्या नसतात, मला माळ्यावर घेऊन गेल्या असतात. आठ दिवस आपण बोललो असतो. आता सुचतंय, बैल गेला आणि झोपा केला. हे मला म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, काही नाही.

मग मी चहा टाकला. उकळला तसा लगेच गाळला, तुमच्या पेल्यात ओतला आणि पायरीवर नेऊन ठेवला. गाळणं धुतलं नाही.